पहिला पाय

नोरा थर्लवेलच्या घराचा माळा इतका बुटका होता की नेव्हिलला तिथे गुडघ्यांवरच वावरावं लागत होतं. कोपऱ्यात पाण्याची जुनी टाकी होती. फ्लोट गंजलेला, तळाशी काळा गाळ, आणि टाकी थंडीने गोठू नये म्हणून सगळीकडून गुंडाळलेले जॉसचे जुने लोकरी स्वेटर, दोरीने करकचून बांधलेले. नोराचा नवरा जॉस मार्चमध्ये गेला. त्याचे स्वेटर तेवढे अजून कामावर होते.

खाली शिडी धरून नोरा उभी होती. शहात्तर वर्षांची बाई, हाताची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, तिने शिडी धरली काय नि न धरली काय सारखंच. पण ती हटायला तयार नव्हती. तिचं एकच टुमणं होतं, काम नवीन वर्षाच्या आत व्हायला पाहिजे. नाताळ दोन दिवसांवर आला होता. नेव्हिलने कोणाच्याही घरी त्या आठवड्यात पाइप कापले नसते, पण नोरा आंटीला नाही म्हणणं त्याला लहानपणापासून जमलेलं नव्हतं. पूर्वी तो तिच्या स्वयंपाकघरात ब्रेडला ड्रिपिंग, म्हणजे भाजलेल्या मांसाची चरबी, लावून खात मोठा झाला होता, आणि खाण बंद पडल्यावर त्याने प्लंबिंग शिकायचं ठरवलं तेव्हा पहिलं काम जॉसनेच दिलं होतं. गळका नळ. नळात काहीही बिघाड नव्हता हे दोघांनाही माहीत होतं.

जुनी पद्धत उघडी होती. बॉयलरने पाणी तापवायचं, ते रेडिएटरमधून घरभर फिरायचं, आणि तापून फुगलेल्या पाण्याने वर माळ्यावरच्या टाकीत चढायचं. टाकीवर एक वाकडा पाइप तोंड उघडं ठेवून बसलेला असे, वाफ कोंडलीच तर तिला वाट मिळावी म्हणून. जॉस त्याला घराचं नाक म्हणायचा. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात टाकी गोठली, तेव्हा खाणीच्या धुळीने भरलेली फुप्फुसं घेऊन जॉस या शिडीवर चढला आणि किटलीतलं गरम पाणी ओतत बसला. उतरला तो खोकतच. तिथून पुढे तो सावरला नाही असं नोराचं पक्कं मत होतं, आणि म्हणून ती टाकी तिला डोळ्यांसमोर नको होती.

नेव्हिलने टाकी रिकामी केली, कापून तुकड्यांनी खाली आणली, नाक बंद केलं. स्वयंपाकघरात नवा बॉयलर लावला आणि शेजारी भिंतीवर परातीएवढा एक लाल बंद डबा. आता घरातलं सगळं पाणी बंद वर्तुळात फिरणार होतं, दाबाखाली. संध्याकाळी त्याने नोराला दाबाचा काटा दाखवला. काटा हिरव्यात असला की ठीक, खाली गेला की मला फोन कर, पहिले काही दिवस हवा निघत राहते तेव्हा तो घसरेलच.

"मग आता घर श्वास कुठून घेणार?" नोराने विचारलं.

नेव्हिलने लाल डब्यावर टिचकी मारली. आत रबराचा पडदा आहे, पाणी फुगलं की तो मागे सरतो, निवलं की पुढे येतो. बाहेर काही जात नाही, जे काय व्हायचं ते पोटातल्या पोटात.

"पोटातल्या पोटात," नोरा म्हणाली. "म्हणजे जॉससारखंच म्हणायचं."

दोघंही हसले. मग नेव्हिलने हत्यारं गोळा करता करता तो प्रश्न विचारला. विचारणं भागच होतं. बाहेरच्या खोलीत भिंतीत कोळशाची शेगडी होती आणि शेगडीच्या पाठीशी बसवलेली एक लोखंडी पेटी. गॅस यायच्या आधी ती पेटीच सगळ्या घराचं पाणी तापवत असे. कोळशाची आग गॅससारखी बटणाने विझत नाही, म्हणून बंद पद्धतीला कोळसा कधी जोडायचा नाही हा धंद्यातला पहिला धडा. नेव्हिलने तो पाळला होता. वरच्या खोलीतल्या कपाटात पेटीचे दोन्ही पाइप कापून त्यांना घट्ट टोप्या बसवल्या होत्या. पेटीत जुनं पाणी विहिरीसारखं तसंच राहिलं होतं. ते काढायचं तर शेगडीत शिरून पेटीला भोकं पाडावी लागणार, काजळीचं पाणी खोलीभर होणार, आणि नोराने नाताळासाठी नुकतीच ती खोली घासूनपुसून लख्ख केली होती. शेगडीभोवतीच्या फरशा जॉसने स्वतःच्या हाताने लावल्या होत्या. नवीन वर्ष झालं की येतो, असं नेव्हिलने मनाशी ठरवलं.

"नोरा आंटी, ही शेगडी कधी पेटवतेस का?"

"नाही रे बाळा. गॅस आल्यापासून नाही. राख कोण काढत बसणार?"

उत्तर शंभर टक्के खरं होतं आणि घात तिथेच झाला. नेव्हिलने त्यावर विश्वास ठेवला, हातपाय धुतले, नोराचा केक खाऊन घरी गेला.

एकतीस तारखेला दुपारी नोराचा फोन आला, काटा खाली गेलाय. नेव्हिल पायीच निघाला. ब्रॅकनहिलची ती गल्ली खाणकामगारांसाठी बांधलेली, दोन्ही बाजूंना एकाला एक चिकटून विटांची घरं. खाण गेली, तिच्यावर आता गवत आणि कुत्री फिरवणारे लोक, पण गल्ली होती तिथेच होती आणि गल्लीची स्मरणशक्तीही. नोराच्या समोरच्या दारात टॉट लिडल सिगारेट ओढत उभा होता. टॉट एकेकाळी युनियनचा माणूस. त्याला गल्लीतलं न दिसणारं काही नव्हतं.

"आजपण काम? नोरा तुला दत्तक घेणार बघ एक दिवस," टॉट म्हणाला.

"घेतलं तर तुला शेजारी म्हणून मीच मिळेन," नेव्हिल म्हणाला आणि आत गेला.

स्वयंपाकघरात त्याने भरायची नळी जोडली, काटा हिरव्यात आणला, नळी काढली. पाच मिनिटांचं काम. नोरा म्हणाली, बाहेर बस, चहा आणते. तो बाहेरच्या खोलीत गेला आणि दारातच थबकला.

शेगडी रचलेली होती. खाली चुरगळलेला कागद, त्यावर उभ्याआडव्या काटक्या, त्यावर कोळसे, एकेक निवडून ठेवल्यासारखे. वर फळीवर जॉसचा फोटो, फोटोपुढे काड्यापेटी. फक्त काडी ओढायची बाकी होती.

शेजारच्या गावात अशाच एका विसरलेल्या पेटीने घराची पुढची भिंत रस्त्यावर आणली होती. आत पाणी, दोन्ही तोंडं बंद, समोर आग. वाफेला जायला जागा नाही. भरलेला बॉम्बच तो, आणि नेव्हिल तो स्वतःच्या हाताने तयार करून, वर केक खाऊन, घरी जाऊन झोपला होता.

"आंटी, हे काय?" त्याने विचारलं. "तू तर म्हणालीस शेगडी पेटवत नाही."

नोरा चहा घेऊन आली होती. तिला प्रश्नच कळला नाही. "नाहीच पेटवत. हे काय पेटवणं आहे का? हे नवीन वर्षाला आत घेणं."

आणि नेव्हिलला वाटलं, आपलं डोकं भिंतीवर आपटून घ्यावं. ब्रॅकनहिलमध्ये जन्मलेल्या माणसाला हे ठाऊक नको? मध्यरात्रीचे टोले पडले की उंबरठ्यावर पहिलं पाऊल ज्याचं पडेल त्याचा पायगुण वर्षभर घराला. तो पुरुष हवा, काळ्या केसांचा हवा, त्याच्या हातात कोळसा हवा, आणि तो कोळसा त्याने पेटत्या आगीत टाकायला हवा. जॉसचे केस शेवटपर्यंत डांबरासारखे काळे, त्यामुळे पूर्वी अर्धी गल्ली त्याला आधी आमच्याकडे ये म्हणून विनवायची. पण आता घराघरात गॅस होता. लोक कोळशाचा तुकडा बशीत ठेवून वेळ मारून नेत, नेव्हिलची बायकोही तेच करी. थर्लवेलांकडे वर्षातून एक दिवस खरी आग पेटते हे त्याच्या ध्यानीमनी आलं नाही, आणि वर्षातून एकदा जे होतं ते नोराच्या हिशेबी शेगडी पेटवणं नव्हतंच. दिवाळखोर माणूससुद्धा सणाच्या खर्चाला खर्च म्हणत नाही, तसं ते होतं.

"पण जॉस अंकल तर नाही आता," नेव्हिल म्हणाला. "कोण येणार आहे पहिल्या पायाने?"

नोराने कप खाली ठेवला. सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "गॉर्डन."

हे नाव या घरात नेव्हिलने सत्तावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. गॉर्डन म्हणजे जॉस आणि नोराचा एकुलता एक मुलगा. गॉर्डन म्हणजे नेव्हिलचा मार्रा.

खाणीत ज्याच्या जोडीने काम करायचं तो मार्रा. मित्र, भाऊ, बायको यांच्याशी भांडण चालतं, मार्राशी चालत नाही, कारण छत कोसळलं तर तुम्हाला उकरून काढणारा तोच. नेव्हिलवर ते एकदा कोसळलं होतं. कंबरेपर्यंत दगड, तोंडात धूळ, आणि गॉर्डन फावडं टाकून नुसत्या हातांनी उकरत होता, फावड्याने नेव्हिलचा पाय कापला जाईल म्हणून. त्यात त्याच्या उजव्या हाताची पेरं फुटली, जखमेत कोळशाची भुकटी राहिली आणि कातडी तिच्यावरच भरून आली. खाणीतल्या माणसांच्या अंगावर असे निळे वण असतात, ते मेल्यावरच जातात.

मग संप आला. वर्षभर चालला. त्या हिवाळ्यात खाणकामगारांच्याच घरात जाळायला कोळसा नव्हता. गॉर्डनची मुलगी काही महिन्यांची होती, तिच्या छातीत घरघर असायची, खोलीच्या भिंतींना आतून ओल धरली होती. फेब्रुवारीत एके सकाळी, जाळ्या लावलेल्या बसमध्ये बसून गॉर्डन कामावर गेला. गेटवर गाव उभं होतं. बस आली तसं सगळ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, कोणी शिवीसुद्धा दिली नाही. त्या रांगेत नेव्हिल होता आणि त्याच्या शेजारी जॉसही. संप फोडणाऱ्याला तिथे काळपाया म्हणतात. तीन आठवड्यांनी संप संपला, सगळेच हरून परत कामावर गेले, पण गॉर्डन काळपाया तो काळपायाच राहिला. त्याच्यापासून मार्रा हा शब्द काढून घेतला गेला. वर्षाच्या आत तो बायको-मुलीला घेऊन दूर नॉटिंगहॅमकडे निघून गेला, आणि थर्लवेलांना मुलगा आहे हेच गाव विसरलं. विसरलं म्हणजे काय, रोज आठवणीने विसरलं. बापाच्या दफनाला गॉर्डन आला तेव्हा तो चॅपलच्या फाटकाबाहेर टोपी न काढता उभा राहिला, आणि लोक त्याच्या अंगावरून वारा गेल्यासारखे आत गेले. नेव्हिलही गेला.

आता नेव्हिल त्या रचलेल्या शेगडीपुढे उभा होता. आधी भीती होती, तिची जागा हळूहळू दुसऱ्याच कशाने घेतली. एक वाक्य पुरे होतं. आग पेटवायची नाही, पेटवलीस तर जीव जाईल. वाक्याचा शब्दन् शब्द खरा होता, त्यावर कोणी बोट ठेवू शकलं नसतं. हातात कोळसा घेऊन थंड शेगडीपुढे उभा राहिलेला गॉर्डन त्याला दिसला, आणि खोटं कशाला बोला, ते चित्र त्याला आवडलं.

"आग नाही पेटवता येणार, आंटी," तो म्हणाला, आणि पेटीची सगळी हकिकत त्याने तिला सांगितली. स्वतःची चूकही सांगितली, काही लपवलं नाही. एवढंच सांगितलं नाही की तिच्यावर इलाज आहे.

नोरा खुर्चीत बसली.

"मग त्याने कोळसा टाकायचा कशात?"

"बशीत ठेवायचा. सगळे तेच करतात."

"सगळे," नोरा म्हणाली. मग म्हणाली, "तुला एक सांगू का? कोणाला बोललेली नाही. दरवर्षी बारा वाजायला आले की जॉस खिशात कोळसा घेऊन मागच्या दाराने बाहेर पडायचा. पुढच्या दाराने पहिला पाय म्हणून यायचं ना. पुढच्या दाराची कडी मला लावू द्यायचा नाही. टोले संपायचे, गल्लीभर आरडाओरडा, पाप्या, गाणी, आणि हा आत येईच ना. मी पडद्याआडून बघायची. फाटकाला धरून उभा असायचा, खोकत, रस्त्याच्या टोकाकडे बघत. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग आत यायचा. विचारलं, इतका वेळ कशाला, तर म्हणायचा, फटाक्यांचा धूर जरा निवू दे म्हटलं."

तिने वाकड्या बोटांनी स्कर्टवरची न दिसणारी कुसळं झटकली.

"पहिलं पाऊल मोकळं ठेवायचा रे तो. त्याच्याआधी कोणी आलं तर यावं म्हणून. गेल्या वर्षी तर उभं राहवत नव्हतं, तरी राहिला. आणि मला दटावून जायचा, आग मोठी कर म्हणून."

"मग बोलवायचं होतंत त्याला," नेव्हिल म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज आवडला नाही.

"कसं बोलवणार? जॉसला या गल्लीत राहायचं होतं. तुमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघून गप्प बसला तो. तुझ्या तोंडाकडे बघून. नेव्हिल काय म्हणेल, असं म्हणायचा, नाव घेऊन."

इतकी वर्षं नेव्हिल समजत होता की तो जॉसच्या बाजूने उभा आहे. बाप जिथे पाठ फिरवतो तिथे आपण कोण तोंड दाखवणारे, असं तो स्वतःला सांगत आला होता. आणि तो बाप दरवर्षी थंडीत फाटकाला धरून उभा राहत होता, आणि फाटकापासून रस्त्याच्या टोकापर्यंतचं जे अंतर त्याला ओलांडता आलं नाही, त्या अंतराचं नाव नेव्हिल होतं. त्याला भडभडून आलं. रडू मात्र आलं नाही, त्या गल्लीत पुरुषांना ते येत नाही.

"जुनी चादर आण," तो म्हणाला. "आणि भांडी. जेवढी आहेत तेवढी. फरशांना धक्का लावत नाही, पण खोली घाण होईल."

"इलाज आहे?"

"आहे. मघाशी सांगितला नाही."

नोराने का म्हणून विचारलं नाही. ती चादर आणायला गेली.

त्याने घरी जाऊन ड्रिल आणलं. येताना टॉट दारातच होता, आता काय पाडतोयस म्हणाला. नेव्हिलने ऐकलं नाही असं दाखवलं. आत येऊन त्याने रचलेले कोळसे बादलीत काढून ठेवले, काटक्या बाजूला ठेवल्या, जाळी उचलली. हा कोळसा कुठून आणलास, असं त्याने विचारलं तेव्हा नोरा म्हणाली, टॉटकडून आणला, कशासाठी ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नेव्हिल पहिल्यांदा जरासा हसला. वर जाऊन त्याने दोन्ही पाइपांच्या टोप्या काढल्या. मग खाली येऊन पोटावर आडवा पडला आणि खांद्यापर्यंत शेगडीत शिरला.

पेटी जुन्या काळची, जाड पत्र्याची. आधी अगदी तळाशी भोक पाडायचं, पाणी जाऊ द्यायचं, मग वर चार भोकं, म्हणजे पुढे कधी थेंबभर पाणी साठलंच तर वाफ कोंडून राहणार नाही. चार वाजायला आले होते आणि डिसेंबरात तिथे चारला अंधारतं. कपाळाला बांधायचा दिवा गाडीत राहिला होता आणि गाडी बायको बाजाराला घेऊन गेली होती. नोराने टॉर्च धरला, पण तिच्या बोटांत तो थरथरत होता आणि उजेड सगळीकडे पडत होता, हवा तिथे सोडून. ड्रिलचं टोक दोनदा घसरलं. चुकीच्या जागी भोक पडलं तर निम्मं पाणी आतच राहणार होतं.

पुढचं दार वाजलं. नोरा उठली, टॉर्च फरशीवर राहिला, नेव्हिल अंधारात तसाच पडून राहिला. बाहेर दाराशी बोलणं झालं, बोलणं असं नाही, नोराचा एक आवाज आणि मग खूप वेळ काहीच नाही. मग पावलं. नेव्हिलने मान बाहेर काढली नाही. काढली असती तर काहीतरी बोलावं लागलं असतं, किंवा न बोलावं लागलं असतं.

कोणीतरी शेजारी गुडघे टेकले. टॉर्च उचलला गेला. उजेड आत आला, स्थिर, अजिबात न हलणारा, पण हातभर उजवीकडे. नेव्हिलने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. टॉर्च धरलेल्या हाताच्या पेरांवर तीन निळ्या रेघा होत्या.

सत्तावीस वर्षं तो मनात या माणसाशी भांडला होता. आंघोळ करताना, पाइप कापताना, झोप येत नसताना त्याने किती वाक्यं तयार करून ठेवली होती, एकाहून एक धारदार. त्यातलं एकही आता तोंडात आलं नाही.

"डावीकडे घे," नेव्हिल म्हणाला. "थोडं खाली."

उजेड डावीकडे आला, थोडा खाली आला आणि तिथेच थांबला. जमिनीखाली हजार फुटांवर तो असाच थांबत असे. ड्रिल लागलं, पत्रा किंचाळला, आणि गेल्या कैक वर्षांचं काळं पाणी एका धारेने भांड्यात पडू लागलं. भांडं भरलं की दुसरं पुढे येत होतं, नेव्हिलला मागावं लागत नव्हतं. तो वर भोकं पाडत राहिला आणि दोघंही एक शब्द बोलले नाहीत, कामाचे शब्द संपले होते आणि दुसरे कोणाकडेच नव्हते.

शेवटी तो सरपटत बाहेर आला आणि उठून बसला. समोर गॉर्डन. जाड झालेला, चष्मा लागलेला, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पाण्याचं पातेलं. नोरा खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती आणि दोघांकडे आळीपाळीने बघत होती, दूध उतू जाईल की काय अशा नजरेने. ती म्हणाली, टोपी तरी काढ, आईच्या घरात आलायस. गॉर्डनने टोपी काढली.

त्याचे केस पांढरे झाले होते. करडे नाही, स्वच्छ पांढरे. दफनाच्या दिवशी टोपीखाली ते दिसले नव्हते, आणि आईच्या मनात तो बावीस वर्षांचा, बापाच्याच काळ्या केसांचा होता. नोराचा हात तोंडावर गेला. पांढऱ्या केसांच्या माणसाचा पहिला पाय म्हणजे अपशकुन, हे तिला आठवलं असेल, पण नुसतं तेवढं नव्हतं. सत्तावीस वर्षं कुठे गेली ते तिला एकदम दिसलं.

"आई, मी नाही होत पहिला पाय," गॉर्डन म्हणाला. "आधीच काय कमी पायगुण आहे माझा. मी मागच्या खोलीत बसेन, कोणी दुसऱ्याला बोलव."

नेव्हिल उठला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काजळीने माखलेले होते. तो गॉर्डनपुढे गेला, आणि गॉर्डनने डोळे मिटले, मारणार असं वाटून, आणि चुकवायचा प्रयत्नही केला नाही. नेव्हिलने दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले आणि केस चोळले. पुढून मागे, कानांवरून, मानेवरून, लहान पोराला न्हाऊ घालावं तसे. काजळी केसांत गेली, कपाळावर ओघळली, चष्म्यावर पडली. पांढरा म्हणून एक केस त्याने ठेवला नाही.

"झाला काळा," तो नोराला म्हणाला. "आता बाराला याला मागच्या दाराने बाहेर काढ. पुढची कडी लावू नकोस."

नोरा हसायला लागली आणि मग ते हसणं राहिलं नाही. गॉर्डन तसाच उभा होता, डोळे मिटून, गालांवर काजळीत दोन रेघा उमटलेल्या. नेव्हिलने जाळी जागेवर बसवली, कागद चुरगळला, काटक्या पूर्वीसारख्या रचल्या, वर एकेक कोळसा निवडून ठेवला. पाणी पुसून घ्या म्हणाला. हत्यारांची पिशवी उचलली.

तो नेहमी मागच्या दाराने जायचा, आज पुढच्या दाराने बाहेर पडला. दिवे लागले होते. नोराच्या फाटकाशी एक अनोळखी गाडी उभी होती आणि टॉट लिडल आपलं दार सोडून रस्त्याच्या मधोमध येऊन तिच्या नंबराकडे बघत होता. समोरच्या दोन खिडक्यांचे पडदे हलले.

"कोणाची रे गाडी नोराकडे?" टॉटने विचारलं. त्याला माहीत होतं. विचारण्याची रीतच तशी होती.

नेव्हिलने फाटक ओढून घेतलं. लोखंडावर त्याच्या हाताची काळी पाची बोटं उमटली.

"माझ्या मार्राची," तो म्हणाला.